चूल, कूळ, देऊळ

मोहोळ तालुक्यात लग्नाचे आवतान दोन तऱ्हेचे असते. साधे आवतान असेल तर घरटी एकदोन माणसे जाऊन जेवून येतात. ‘चूलबंद’ असेल तर मात्र त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. आजीपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत, माहेरपणाला आलेल्या लेकीसकट, शेतावर राहणाऱ्या सालगड्यासकट, त्या चुलीवर ज्याची ज्याची भाकरी भाजली जाते त्या सगळ्यांनी मांडवात यायचे. आता लग्ने रस्त्याकडेच्या मंगल कार्यालयांत होतात, पत्रिका मोबाइलवर येतात आणि त्यांवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ असे छापलेले असते. तरीही पत्रिका देणारा उठताना दारात थांबून तोंडाने सांगतोच, “चूलबंद हाय बरं का.” नुसत्या छापील शब्दाने निमंत्रण पुरे होत नाही असे त्याला वाटते, आणि त्याचे वाटणे रास्त आहे. सहकुटुंब म्हणजे नेमके कोण, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. चूलबंद म्हणजे कोण, हे चुलीनेच ठरवलेले असते.

आवतान हा शब्द मूळचा ‘आमंत्रण’च. ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले, त्याच वाटेने आमंत्रणाचे आवंतण, आवतण आणि मग आमच्याकडचे आवतान. पुढे संस्कृतातून ‘आमंत्रण’ पुन्हा जसेच्या तसे उचलले गेले आणि पत्रिकेवर जाऊन बसले. आवतान दारात आणि तोंडी राहिले. मराठीत अशा जोड्या पुष्कळ आहेत. एक शब्द छापण्याचा, एक बोलण्याचा. कुटुंब, श्रद्धा, पारंपरिक मूल्ये आणि धर्मनिरपेक्ष आधुनिक समाज यांच्याविषयी आज जो मोठा वाद चालतो, त्यातले जवळजवळ सगळे शब्द छापण्याच्या बाजूचे आहेत. बोलण्याच्या बाजूचे शब्द या वादात कुणी बोलावलेलेच नाहीत. त्यांना विचारले तर वादाची मांडणीच बदलेल असे मला वाटते.

चुलीपासूनच सुरुवात करू, कारण आपल्या सरकारनेही तिथूनच सुरुवात केली आहे. जनगणनेत घरांची गणती करताना प्रगणक नाते विचारून थांबत नाही. एका स्वयंपाकघरातून जेवणारी, एकत्र राहणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, अशी त्याची कसोटी असते. दोन भाऊ एकाच वाड्यात राहत असले आणि चुली वेगळ्या असल्या तर ती दोन कुटुंबे. वेगळे निघालेल्या भावाबद्दल गाव जे म्हणते, ‘त्यानं चूल वेगळी मांडली’, तेच इथे कायद्याच्या भाषेत आले आहे. एका निधर्मी, कागदी व्यवहाराने गावाची कसोटी अशी सहज उचलली.

पण सरकारचे कुटुंब एकच नाही. शिधापत्रिकेवरचे कुटुंब वेगळे: २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरातली वडील स्त्री, वय अठराच्या वर असलेली, ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेतले कुटुंब आणखी वेगळे: पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. म्हणजे सासू त्यात नाही, दीर नाही, विधवा आत्या नाही. प्राप्तिकराच्या कागदावर मात्र ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ अजून टिकून आहे, पिढ्यांचे आणि भावाभावांचे. त्याच्या मुळाशी मिताक्षरा ही टीका आहे. ती विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे सोलापूरहून फार दूर नसलेल्या आजच्या बसवकल्याणात, अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर लिहिली. तिने ठरवलेली वडिलोपार्जित वाटणी मुलग्यांची होती. महाराष्ट्राने १९९४ साली आणि सगळ्या देशाने २००५ साली मुलीलाही त्या वाटणीत जन्मतः हक्क दिला. अशी एकाच छपराखाली चार-चार सरकारी कुटुंबे नांदतात. ‘आपली कुटुंबव्यवस्था’ असे एकवचनात बोलणाऱ्यांनी यांतली नेमकी कोणती ते सांगायला हवे.

‘कुटुंब’ हा शब्द संस्कृतात जुना आहे. छांदोग्य उपनिषदाच्या अगदी शेवटी, गुरूच्या घरून परतलेला शिष्य संसारात स्थिर होतो तिथे तो येतो. मात्र त्याचे मूळ द्राविडी भाषांत असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, आणि तमिळमधला घर या अर्थाचा ‘कुडि’ हा शब्द त्यासाठी पुढे केला जातो. भीमेच्या काठावर, कन्नड आणि मराठी एकाच बाजारात बोलल्या जातात त्या भागात, हे ऐकून कुणाला धक्का बसू नये. मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आला: बायको. ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ असे म्हणणारी पिढी आता संपत आली आहे. आजच्या मुली त्या बोलण्यावर चिडतात, बायकोचे नाव घ्यायला काय झाले होते म्हणून. त्यांचा राग मला समजतो. तरी त्या अर्थाची मुळे किती खोल आहेत हे पाहण्यासारखे आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, सुमारे १९०० वर्षांपूर्वी, एका खोलीच्या दारावर प्राकृतात एक लेख कोरला गेला. क्षहरात क्षत्रप राजा नहपान याची मुलगी आणि उषवदाताची पत्नी दखमिता हिने ती खोली भिक्षूंना दान दिली. त्या एवढ्याशा लेखात तीन शब्द आहेत आणि तिन्ही अजून आपल्या घरात आहेत. पत्नीसाठी शब्द आहे ‘कुडुंबिनी’. खोलीसाठी शब्द आहे ‘ओवरक’, आपल्या देवळातली ओवरी. आणि दानासाठी शब्द आहे ‘देयधम’, म्हणजे देणे हाच धर्म. भिकाऱ्याने दारात येऊन ‘धर्म करा माय’ म्हणावे तोच हा धर्म. देणारी स्त्री शक कुळातली, म्हणजे परकीय म्हणून आलेल्या घराण्यातली. नवरा उषवदात ब्राह्मणांना हजारोंनी गाई देणारा आणि बौद्ध भिक्षूंसाठी लेणे खोदवणारा. एका घराच्या श्रद्धा किती दिशांना हात पसरत होत्या, हे त्याच डोंगरावरच्या लेखांत सविस्तर आले आहे. त्याच काळातले राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवत होते, आईच्या नावाने.

म्हणून महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लावायचे ठरले, तेव्हा काहींनी आधुनिकतेच्या नावाने नाके मुरडली, त्याचे मला वाईट वाटले. या मातीतल्या फार जुन्या लेखांतली रीत ती. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचे नाव आले, तेव्हाही ‘कुडुंबिनी’ या शब्दाला त्याची जुनी जागा मिळाली. नुसती कागदावर मिळाली, हे खरे. धान्य आणायला जाताना अंगठा तिचा आणि पिशवीवर हुकूम दुसऱ्याचा अशी घरे मी पाहतो. पण शब्दाने जागा धरली की माणसाला ती मागता तरी येते.

कुटुंबिन् म्हणजे कुटुंब असलेला, घरादाराचा माणूस. त्याचेच प्राकृतातून येत-येत ‘कुणबी’ झाले. शेती करणाऱ्या माणसाची ओळख नांगरावरून किंवा जमिनीवरून झाली नाही, कुटुंबावरून झाली; कारण जिरायत काळ्या रानात एकट्याने शेती होतच नाही. सीनेकाठच्या ज्वारीच्या रानात काढणीला किती हात लागतात हे ज्याने पाहिले आहे त्याला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही. २०२३ पासून राज्यभर, निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने, जुन्या दप्तरांतून ‘कुणबी’ ही नोंद शोधली गेली. पणजोबाच्या नावापुढचा तो तीन अक्षरी शब्द सापडावा म्हणून मोडी वाचणाऱ्यांकडे रांगा लागल्या. पुढे २०२४ च्या जानेवारीत ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करणारा मसुदाही सरकारने काढला. सगा म्हणजे स्वक, आपला. आपला कोण आणि सोयरा कोण हे ठरवणे ज्या व्यवस्थेला शासकीय अधिसूचनेतून करावे लागते, ती नात्यांपासून तुटली आहे असे मला म्हणवत नाही. उलट नाती तिच्या मानगुटीवर बसली आहेत.

आता कूळ. संस्कृतात ‘कुल’ म्हणजे माणसांचा वंश आणि तो वंश राहतो ते घर, दोन्ही. मराठीतले ‘मोहोळ’ असेच आहे. गावाच्या नावाशी त्याची सांगड घालण्याची घाई मी करत नाही, पण शब्द म्हणून मोहोळ म्हणजे मधाचे घर आणि त्यातल्या माश्या अशा दोन्ही गोष्टी. ‘मोहोळ उठलं’ म्हणताना उठतात त्या माश्या. त्यातला ‘मोह’ हा मधूचा, प्राकृतातल्या ‘महु’चा. घर आणि घरातले जीव एकाच शब्दात धरण्याची ही सवय आपल्या भाषेला फार जुनी आहे.

कुळाचा व्यवहार वाढला तसा शब्दही रानात गेला. जमिनीचा सारा भरणारे घर ते कूळ. कुळांचा हिशेब ठेवणारा तो कुलकर्णी. दुसऱ्याची जमीन कसणारा तोही कूळच. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ रोजी, त्या ‘कृषक दिनी’, कसणारा मालक मानला गेला. माझ्या माहितीतल्या वयस्क माणसांना ‘कूळ’ म्हटले की आधी कायदा आठवतो, मग गोत्र. ज्या शब्दाने उच्चनीचता मोजली जात होती, त्याच शब्दाने या तालुक्यातल्या कित्येकांना सातबाऱ्यावर नाव मिळवून दिले. कुळाचा अभिमान सांगणाऱ्या भाषणांत ही गोष्ट यायला हवी.

आणि याच कुळातून देऊळ निघाले. देवकुल, देउल, देऊळ. राजकुलाचे राऊळ झाले तसेच. देऊळ म्हणजे देवाचे कूळ, देवाचे घर. तिथे देव एकटा नाही, देवाचे कुटुंब आहे असे आपली भाषा मानते. विठोबाला रखुमाई आहे, खंडोबाला म्हाळसा आणि बाणाई दोघी आहेत आणि त्यांच्या भांडणांच्या गोष्टी जागरणात रात्रभर सांगितल्या जातात. लग्नानंतर नवरानवरी आधी कुलदैवताला जातात; कुणी तुळजापूरला, कुणी जेजुरीला. घरच्या कुटुंबाने देवाच्या कुटुंबाला भेटायला जायचे, नवी सून दाखवायची, ओटी भरायची, जेवून परत यायचे. याला आमच्याकडे श्रद्धा हा शब्द कुणी लावत नाही. ‘देवाला जाऊन आलो’ म्हणतात, पाहुण्यांकडे जाऊन आलो म्हणावे तसे.

मोहोळ हे स्वतः नागनाथाचे गाव. गावात त्याचे देऊळ आहे, तालुक्यात वडवळला आहे, आणि अनेक घरांचे ते कुलदैवत आहे. या नागनाथापासून नागेश संप्रदाय चालला. हेगरस, अज्ञानसिद्ध ही त्या परंपरेतली नावे, आणि आलमखान हेही. आलमखान मुसलमान होते आणि नागेश परंपरेचे मराठी संतकवी होते. रा. चिं. ढेरे यांनी अशा मुसलमान मराठी संतकवींवर एक अख्खा ग्रंथ लिहिला तोवर शिकलेल्या महाराष्ट्राला त्यांतल्या अनेकांची फारशी ओळख नव्हती. त्यांची नावे गावोगावच्या लोकांच्या मुखी राहिली असणार. छापील इतिहासातून ती निसटली होती. आपल्या तालुक्यातल्या शाळेत आलमखानांचे नाव शिकवले जावे असे मला फार वाटते. ‘सर्वधर्मसमभाव’ हा लांब शब्द फळ्यावर लिहिण्याआधी.

आता त्या वादाकडे येतो. त्यात कुटुंब आणि श्रद्धा एका बाजूला बसवलेली असतात आणि धर्मनिरपेक्ष जग दुसऱ्या बाजूला. कुणी म्हणते, जग जिंकत चालले, कुटुंब आणि देव दोन्ही जातील. कुणी म्हणते, जावोत. मराठी बोलण्यात मात्र ही विभागणी अशी नव्हतीच. आपल्याकडची जुनी जोडी आहे प्रपंच आणि परमार्थ. आणि प्रपंच म्हणजे काय? बायको, मुले, घर, गुरे, कर्ज, लग्नकार्य. म्हणजे कुटुंब हे आपल्या भाषेत देवाच्या बाजूला नव्हते, जगाच्या बाजूला होते. प्रपंचाचा मूळ अर्थ विस्तार, पसारा, दिसणारे सगळे जग. संसारही तसाच: एकत्र सरकत राहणे, फिरत राहणे, तत्त्वज्ञानात तो जन्ममरणाचा फेरा आणि आमच्याकडे तो चार भांडी आणि एक चूल. ‘पोरीचा संसार उभा राहिला’ असे आई म्हणते तेव्हा ती जगाचेच नाव घेत असते. सेक्युलर या शब्दाच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ युग, हे चालू जग असा आहे. त्याला मराठीत नेमका शब्द शोधताना पंडितांनी इहवादी, ऐहिक, निधर्मी, धर्मनिरपेक्ष असे नाना शब्द घडवले. घरात आधीच असलेला ‘प्रापंचिक’ मात्र कुणाला सुचला नाही, कारण तो फार घरगुती वाटला असावा.

म्हणून मराठी संतांपुढे जो प्रश्न होता तो आजच्या वादापेक्षा वेगळा होता. प्रपंच सोडायचा का परमार्थासाठी? वारकरी परंपरेने उत्तर दिले: सोडायचा नाही. शेजारच्या माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी तेराव्या शतकातले. मळ्यातच त्यांना विठ्ठल होता आणि पंढरपूर एवढे जवळ असून ते वारीला गेले नाहीत असे परंपरा सांगते. एकनाथ, तुकाराम दोघेही प्रपंची. कुटुंबाला पवित्र ठरवण्यासाठी त्यांनी वेगळी घोषणा केली नाही. जगाच्या बाजूला असलेली गोष्ट जगाच्याच बाजूला ठेवून तिच्यात देव पाहिला. सगळ्या संतांना हा प्रपंच सुखाचा गेला असेही नाही. तो सुखाचा असतो असे त्यांनी कुणाला सांगितलेही नाही.

‘धर्म’ शब्दाचेही असेच. शेजारधर्म, दानधर्म, धर्मशाळा, कुळधर्म: यांतला एकही धर्म अर्जातल्या ‘धर्म’ या रकान्यात मावत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर उद्देशिकेत जो शब्द आला तो मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ आहे. हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’. हा फरक लहान नाही. हिंदीवाल्यांनी राज्याला पंथापासून अलिप्त ठेवले; मराठीने धर्मापासून ठेवले, आणि मराठी कानाला धर्म म्हणजे शेजाऱ्याला पाणी देणेसुद्धा. शेजारधर्माची अपेक्षाच न ठेवणारे राज्य कोणाला हवे आहे? राज्याने कोणत्याही पंथाची बाजू घेऊ नये, हा त्या शब्दामागचा आशय मला मनापासून मान्य आहे आणि तो आजच्या घडीला जपण्याची निकड मोठी आहे. म्हणूनच शब्द आशयाला पुरा पडावा असे वाटते. ‘निरपेक्ष’ हे मात्र सुंदर आहे. निरपेक्ष प्रेम म्हणतो तोच तो शब्द.

राज्य आणि श्रद्धा प्रत्यक्षात कशी एका रस्त्याने चालतात हे पाहायला मोहोळकरांना लांब जावे लागत नाही. दिवेघाटाकडून पंढरपूरमार्गे येणारा राष्ट्रीय महामार्ग ९६५ मोहोळला येऊन पुणे–सोलापूर महामार्गाला मिळतो. त्याला श्रीसंत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग म्हणतात. चौपदरी रस्ता, आणि पायी चालणाऱ्या वारकऱ्यांसाठी कडेने वेगळी वाट अशी त्याची आखणी. उसाचे ट्रॅक्टर, टँकर आणि दिंड्या एकाच रस्त्यावर. पालखी हा शब्द ‘पर्यंक’ या संस्कृत शब्दापासून आला, ज्यापासून पलंगही आला. आणि वारी म्हणजे वार, खेप, पुन्हा पुन्हा जाणे.

‘परंपरागत मूल्ये’ यातला ‘मूल्य’ हा शब्द या अर्थाने फार नवा आहे. जुन्या मराठीत मूल्याचे ‘मोल’ झाले आणि ते बाजारात गेले: मोलमजुरी, मोलकरीण, मोलभाव. घरातल्या चांगुलपणाला मोलाच्या हिशेबातला शब्द लावणे आजीला रुचले नसते. तिचा शब्द होता ‘वळण’. ‘त्या घराला वळण आहे.’ ‘पोरीला चांगलं वळण लावलंय.’ अक्षराचे वळण, रस्त्याचे वळण आणि माणसाचे वळण एकाच शब्दात. वळण शिकवता येत नाही, लावावे लागते. पाटीवर रोज गिरवून अक्षर वळते तसे. शाळेत मूल्यशिक्षणाचे तास आले, भिंतींवर मूल्यांच्या याद्या रंगल्या. मुलांना त्या पाठ होतात. वळणाची यादी होत नाही. अर्थात वळणाचा जाचही झाला, आणि तो बहुतेक मुलींनाच झाला. ‘वळण नाही’ हा ठपका मुलग्यावर मी क्वचित ऐकला आहे. हा शब्द परत आणायचा तर दोघांसाठी आणावा लागेल.

याच प्रांतात एका माणसाने कुटुंब या शब्दाला जेवढे रुंद केले तेवढे कुणी केले नाही. महात्मा फुले यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ते एका घराची कल्पना करतात. घरातल्या बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्म स्वीकारावा, आणि सगळ्यांनी एकाच घरात गोडीने राहावे. कारण सगळी निर्मीकाचीच लेकरे, त्याच्याच कुटुंबातली. पुस्तकातल्या या घरात चूल एकच आहे असे मी नेहमी वाचतो. नहपानाची मुलगी आणि तिचा नवरा ज्या डोंगरावर दोन दिशांना दाने देत होते, त्या डोंगरापासून हे घर शब्दांच्या हिशेबाने फार दूर नाही. धर्म बदलला तरी घर तुटू नये असे सांगणारा हा माणूस घर मोडायला निघालेला नव्हता. कुटुंब आणि स्वातंत्र्य यांत निवड करायला लावणाऱ्या आजच्या दोन्ही बाजूंनी ते पान वाचावे.

शेवटी एका हाकेविषयी लिहितो, कारण ती आमच्या भागातून हळूहळू जाते आहे. सोलापूरकडच्या खेड्यांत सून सासूला ‘आत्या’ म्हणते, सासऱ्याला ‘मामा’. शहरी, जुन्या धाटणीच्या घरांत आत्याबाई आणि मामंजी. कन्नडमध्ये ‘अत्ते’ म्हणजे बापाची बहीण आणि सासूसुद्धा. ‘माव’ म्हणजे मामा आणि सासरासुद्धा. कारण उघड आहे: मामाची मुलगी करण्याची चाल. मुलगा मामाच्या मुलीशी लग्न करतो, तेव्हा त्या मुलीची सासू ही तिची सख्खी आत्याच असते. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हणून पाहिले त्यात या चालीचा मोठा भाग आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जवळच्या रक्तातली लग्ने रोखली, पण दोन्हीकडच्या रूढीची मोकळीक असेल तर त्याला वाट ठेवली. संसदेत बसलेल्या कायदेपंडितांना आमच्या आत्याचा विचार करावा लागला.

वैद्यकीय कारणांनी ही लग्ने आता कमी होत आहेत, आणि ते चांगले आहे. पण चाल सुटली तरी हाक राहिली. मुलगी बीडहून आली असो वा बार्शीहून, आधीचे काडीचे नाते नसो, ती सासूला आत्या म्हणते. म्हणताक्षणी ती त्या घराची भाची होते. सासरी आलेली परकी बाई राहत नाही. नव्या घरांत ‘आई’ किंवा ‘मम्मी’ म्हणतात. त्यातही माया आहे, पण सून स्वतःच्या आईला काय म्हणणार हा प्रश्न तिला रोज नव्याने सोडवावा लागतो. ‘आत्या’मध्ये आईची जागा आईकडेच राहते. आता परजातीतल्या, परभाषेतल्या, कधी परधर्मातल्या मुलीही या तालुक्यातल्या घरांत सुना म्हणून येऊ लागल्या आहेत. त्यांच्यापैकी कुणी बिचकत, शेजारणीचे ऐकून, सासूला पहिल्यांदा ‘आत्या’ म्हणाली, तर तिचे कूळ कोणते, देव कोणता हे मागाहून विचारता येईल. आधी त्या हाकेला ‘काय गं’ म्हणून ओ द्यावी, एवढे माझे आमच्याकडच्या सासवांना मागणे आहे.